आधी बघून तर जा

कळंब,
११ फेब्रुवारी २०२५

आरते,

फोन केला नाही म्हणून फुगून बसू नकोस. आमच्या घरात फोन म्हणजे ग्रामसभा. मी हॅलो म्हणायच्या आत आई, तुझी लाडकी मावशी, स्पीकर चालू करते आणि अण्णा खाटेवरूनच उत्तरं द्यायला लागतात. म्हणून रोपवाटिकेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ही मेल लिहितेय. लांबलचक आहे. डोकं ठिकाणावर नाही माझं, तेव्हा पुढंमागं झालं तर समजून घे.

दोन तारखेला मढचे पाहुणे मला बघून गेले. मुलगा सुनील, आळेफाट्याला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे. मढला भाताची खाचरं आहेत, घरात चुलत्याचा शब्द चालतो. बाकीच्यांनी पोह्यांच्या बशीआडून माझा रंग न्याहाळला. सुनीलनं मात्र विचारलं, "मिरचीचं रोप किती दिसात लावायला येतं?" आरते, मला तो बरा वाटला. एकदा हात पोळलेली बाई मी, एकतीस वर्षांची, तरी वाटला. हे फक्त तुलाच सांगते.

परवा तीच जीप परत आली. आईला वाटलं, पसंती आली. तिनं साखर हातात घेतलीसुद्धा. पण मुलाचा चुलता रखमाजी उंबऱ्याच्या आत आलाच नाही. अंगणात उभा राहून त्यानं अण्णांवर तोंड सोडलं. "गेणभाऊ, पोरगी घटस्फोटित हाय ह्ये आमास्नी बाजारात कळलं, आमच्यापासून दडवलंत? आमी डोंगरातली मान्सं म्हून काय येडी समजलात व्हय? अशी खोटारडी पोरगी आमच्यात द्येता?" आजूबाजूची सगळी आळी कुडाला चिकटून ऐकत होती.

मी बाहेर आले, म्हटलं, मी माझ्या हातानं खरं लिहिलंय. तर त्यानं खिशातून माझ्या माहितीचा कागद काढून माझ्या तोंडासमोर नाचवला. वैवाहिक स्थिती : प्रथम विवाह. स्वच्छ छापलेलं. सुनील जीपपाशी उभा राहून चपलेनं माती उकरत होता. त्यानं वर बघितलंच नाही.

मंचरच्या त्या विवाह केंद्रात वैजयंतीबाईंसमोर बसून मी स्वतः 'घटस्फोटित' लिहिलं होतं. स्क्रीनवर आलेलंही बघितलं होतं. ते सॉफ्टवेअर तुझ्या कंपनीनं केलंय ना? मग ते अक्षर गेलं कुठं?

स्थळ गेलं तर जाऊ दे. पण खोटारडी हा शब्द मला धुऊन काढायचाय, आणि त्याच अंगणात. तेवढं कर माझ्यासाठी.

जया


पुणे,
१४ फेब्रुवारी

जयाताई,

मेल वाचली आणि जेवण गेलं नाही. शोधून काढलंय. वाचून तुला शिसारी येईल, मला तर आलीच आहे.

सोपं करून सांगते. प्रोग्रॅमच्या आत तुझं स्थळ म्हणजे एक डबा आहे, आम्ही त्याला ऑब्जेक्ट म्हणतो. त्यात कप्पे: नाव, शिक्षण, वैवाहिक स्थिती, फोन. मंचरच्या कॉम्प्युटरवर हा डबा अगदी नीट आहे, म्हणून तुला स्क्रीनवर खरं दिसलं. पण केंद्राचं दुसरं ऑफिस जुन्नरला. तिकडं डबा उचलून नेता येत नाही. त्याचा मजकूर करून पाठवावा लागतो. त्या मजकुराला एक्सएमएल म्हणतात. त्यात प्रत्येक माहितीच्या पुढं आणि मागं तिच्या नावाची चिठ्ठी लावलेली असते. जुन्नरचा कॉम्प्युटर चिठ्ठी वाचतो आणि माल त्या त्या कप्प्यात टाकतो.

आता घाण ऐक. या चिठ्ठ्यांची नावं कशी ठेवायची याचा आमच्याकडं नियमच नाही! एक जण सगळी मोठी अक्षरं वापरून गेला. दुसऱ्यानं शब्द एकमेकांना चिकटवले. तिसऱ्यानं मध्ये रेघा मारल्या. ज्याला जसं सुचलं तसं, आणि तिघंही नोकरी सोडून गेलेले. मंचरहून 'वैवाहिक स्थिती'ची चिठ्ठी एका तऱ्हेची निघते, जुन्नरला दुसऱ्या तऱ्हेची अपेक्षा असते. अनोळखी चिठ्ठी दिसली की तिकडचा प्रोग्रॅम ती मुकाट्यानं फेकून देतो. ओरडत नाही, काही नाही. आणि कप्पा रिकामा राहिला की स्वतःच्या मनानं भरतो : प्रथम विवाह.

तुला आठवतं, सासरी तांदळाच्या ताटात अंगठीनं तुझं नाव 'मोहिनी' लिहिलं होतं? मग रेशनच्या दुकानात जया सापडेना आणि बँकेत मोहिनी सापडेना. बाई तीच, पण दोन्ही दारांतून परत. तसंच आहे हे.

उपाय लहान आहे. ऑब्जेक्टमधून एक्सएमएल तयार होतं त्या एकाच ठिकाणी एक नियम लिहायचा. आत कप्प्याचं नाव कुणी कसंही ठेवलेलं असू दे, बाहेर पडताना सगळी नावं लहान अक्षरांत आणि मध्ये आडवी रेघ. जाताना तोच नियम, येताना तोच. कुणालाही सूट नाही. दोन दिवसांचं काम. सोमवारी मोहित सरांना सांगते, ते आमचे साहेब. केंद्राकडून तुला चूक कबूल केल्याचा कागदही मिळवून देते. तू मुळीच खचू नकोस.

तुझी आरती


कळंब,
२० फेब्रुवारी

आरते,

समजलं. आमच्या रोपवाटिकेतही पूर्वी हाच तमाशा होता. एक पोरगी ट्रेवर वाणाचं नाव लिहायची, दुसरी शेतकऱ्याचं, तिसरी नुसती लाल फीत बांधायची. कळंबच्या एका बागायतदाराला ढोबळी म्हणून तिखट मिरची गेली आणि त्यानं मालकाला सगळ्यांसमोर झाडला. तेव्हापासून एकच चिठ्ठी, एकाच जागी. शिकलेसवरलेले तुम्ही लोक, तुम्हाला कुणी झाडलं नाही वाटतं.

मी मंचरला जाऊन आले. कागद मागितला. वैजयंतीबाई गोड हसल्या. असं हसतात ना, की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. म्हणाल्या, "अगं बाई, मशीन चुकलं म्हणून तुझं बरंच झालं की! खरं लिहून आलं असतं तर बघायला तरी आले असते का तुला?"

मी म्हटलं, मला बघायला आले नव्हते ते. तुमच्या कागदावरच्या कुठल्यातरी बाईला बघायला आले होते. तर म्हणाल्या, "लई ताठा बरा नव्हं, घटस्फोटितांनी जरा दमानं घ्यावं." आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. कागद दिला नाही.

इकडं डेअरीवर दूध घालायला गेले की बाया गप्प होतात. मागच्या लग्नात नवरा हात उचलायचा तेव्हाही माझ्याकडं अशा नजरा लागल्या नव्हत्या. तेव्हा कीव होती, आता थट्टा आहे. काल एक जण म्हणाली, "जया, आमच्या भाच्यासाटी बी एक कागद छापून दी की." मी दूध तिथंच ओतून निघून आले.

तुझं दोन दिवसांचं काम झालं का?

जया


पुणे,
२७ फेब्रुवारी

ताई,

काम दोनच दिवसांत झालं. नियम बसवला, दोन्ही ऑफिसांतली जुनी स्थळं तपासून बघितली, सगळी चिठ्ठ्यांसकट बरोबर उतरली. एकही कप्पा रिकामा नाही. आनंदानं मोहित सरांना दाखवायला गेले.

सर म्हणाले, "छान झालंय. आता काढून टाक."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती. वैजयंतीबाईंना ही चूक वर्षभरापासून माहीत आहे! त्यांनीच सरांना सांगितलं होतं, आणि दुरुस्त करू नका असंही सांगितलं होतं. घटस्फोटित आणि विधवा बायकांची स्थळं पलीकडं 'प्रथम' म्हणून दिसली की बघायला येणारे वाढतात. जमलं तर केंद्राचं नाव, मोडलं तर मशीनची चूक. सर मला समजावत होते, "आरती, आपण लग्नं जमवत नाही, आपण सॉफ्टवेअर देतो. क्लायंटची तक्रार नाही ना? मग हा बग नाही."

बग नाही म्हणे! मी बाहेर येऊन तोंडावर पाणी मारलं. कच्चं काम मी समजू शकते. आळस समजू शकते. पण पोरींच्या अंगणात होणाऱ्या शोभेवर धंदा चालवायचा आणि वर एसीत बसून चहा प्यायचा, याची मला ओकारी येते. आणि दोन वर्षं मी याच लोकांबरोबर डबा खाल्लाय.

एक गोष्ट विचारते, रागावू नकोस. वैजयंतीबाई सरांना म्हणाल्या की, तुझ्या बाबतीत दोन्हीकडच्या मोठ्या माणसांचं आधी फोनवर बोलणं झालं होतं, तेव्हा तक्रार कशाची? काका असं काही बोलले होते का तुला? मला तर ती थाप वाटते.

नियम मी अजून काढलेला नाही. बाजूला ठेवलाय. विचार करतेय.

आरती


कळंब,
३ मार्च

आरते,

थाप नव्हती.

आईला एकटीला गाठून विचारलं. तिनं आधी पदर तोंडाला लावला, मग बोलली. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी रखमाजीचा अण्णांना फोन आला होता. "पोरीचं पैलंच लगीन दिसतंय कागदावर, लई ब्येस झालं." आणि माझा बाप, ज्यानं मला मारकुट्या घरातून स्वतः जाऊन आणलं, तो म्हणाला, "आधी बघून तर जा पावणं, बाकीचं मग बोलू."

संध्याकाळी अण्णांपुढं उभी राहिले. मान वर न करता म्हणाले, "आगं, आपल्यात असंच करत्यात. आधी पोरगी नजरंत भरली की मग सांगायचं. तवा मान्सं आडत न्हाईत. तुझ्याच भल्यासाटी केलं, पोरी."

भल्यासाठी! त्या दिवशी अंगणात रखमाजी मला खोटारडी म्हणत होता, तेव्हा हा माणूस माझ्याशेजारी उभा होता. एक शब्द बोलला असता, 'पोरीचा दोष न्हाई, मला ठावं व्हतं,' तर संपलं असतं. नाही बोलला. टोपी काढून डोकं खाजवत राहिला. मला मशीनचा राग नाही गं आता. मशीनला लाज नसते, ते धरूनच चालायचं. मला आमच्या घरातल्या चहाची किळस येते. चार दिवस झाले, मी अण्णांच्या हातून काही घेत नाही, त्यांना वाढतही नाही.

तू काय करायचं ते तुझं तू बघ. नोकरी घालवू नकोस माझ्यापायी. माझं तर जे व्हायचं ते झालंच आहे.

जया


पुणे,
९ मार्च

ताई,

नोकरी तुझ्यापायी घालवली नाही, माझ्यापायी घालवली. काल नियम चालू केला. मग मंचर आणि जुन्नर दोन्हीकडची सगळी स्थळं नव्यानं एक्सएमएल करून एकमेकांकडं पाठवली, आणि ज्यांना ज्यांना आधी चुकीचा कागद गेला होता त्यांना दुरुस्त कागद आपोआप जाईल असं केलं. ते झाल्यावर राजीनामा सरांच्या टेबलावर ठेवला. सर ओरडत होते, "माघारी घे ते!" म्हटलं, राजीनामा फाडता येईल तुम्हाला, गेलेले कागद कसे माघारी आणणार?

काम करताना आणखी एक घाण सापडली. प्रत्येक स्थळात दोन फोनचे कप्पे आहेत, एक पालकांचा आणि एक उमेदवाराचा स्वतःचा. स्वतःच्या फोनची चिठ्ठीसुद्धा वाटेत गळत होती. म्हणून आजवर एकही कागद मुलामुलींच्या हातात थेट गेलेला नाही, सगळे बापांच्या आणि चुलत्यांच्या फोनवर. आता नियम सगळ्या कप्प्यांना सारखा, त्यामुळे ते नंबरही पोचले. तुला हवा होता तो कागद मढला सुनीलच्या स्वतःच्या फोनवर जाईल. त्यात लिहिलंय की, आधीची माहिती सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे बदलली होती, उमेदवारानं खरीच दिली होती.

तुझ्याही फोनवर एक कागद येईल. तू स्वतः उघड, एकटीनं. त्यात काय आहे ते मी सांगणार नाही. दुसऱ्याची माहिती आहे, मी सांगणं बरं नाही. एवढंच लक्षात ठेव, चिठ्ठ्या दोन्ही बाजूंनी गळत होत्या.

आता मी घरी आहे. गावी आईला अजून सांगितलेलं नाही. मावशीलाही सांगू नकोस, नाहीतर स्पीकरवरून आमच्या साऱ्या गावाला, अवसरीला, कळेल.

आरती


कळंब,
१८ मार्च

आरते,

कागद आला तेव्हा मी ट्रेमध्ये कोकोपीटचा भुसा भरत होते. हात पुसून उघडला. सुनील, राहणार मढ. वैवाहिक स्थिती : घटस्फोटित.

दोनदा वाचला. मग तिथंच, टोमॅटोच्या रोपांमध्ये, खो खो हसत सुटले. बाकीच्या पोरींना वाटलं, हिचं डोकं फिरलं. हसू ओसरल्यावर मात्र तोंड कडू झालं गं. ज्या माणसांनी माझ्या अंगणात येऊन माझी लक्तरं काढली, त्यांच्या घरातला मुलगा माझ्यासारखाच, आणि आमच्या घरी आलेल्या कागदावर तोही 'प्रथम'! रखमाजीनंही तेच केलं होतं, आधी बघून तर घेऊ, मग बोलू. फक्त आमचं आधी उघडं पडलं, म्हणून तो साव आणि आम्ही चोर.

परवा रविवारी जीप परत आली. रखमाजी, सुनील, आणि वर पेढे. "झालं ग्येलं इसरून जा, गेणभाऊ. आता काय, दोगं बी सारकीच. जमवून टाकू." आणि आमचे अण्णा, आरते, आमचे अण्णा लगेच म्हणाले, "आगं, च्या टाक पावन्यांना!" आई उठलीसुद्धा. एवढ्या राड्यानंतर ही माणसं एका मिनिटात एकमेकांना शोभून दिसायला लागली.

मी म्हटलं, चहा नंतर. आधी अंगणात चला.

सुनीलला विचारलं, तुम्ही काय लिहिलं होतं? म्हणाला, "खरंच लिहिलं व्हतं. जुन्नरच्या हापिसात, सवताच्या हातानं." माझा विश्वास बसला. माझ्यावरही कुणी असाच ठेवायला हवा होता. मग विचारलं, चुलते मला खोटारडी म्हणत होते त्या दिवशी तुमचंही लग्न मोडलेलं तुम्हाला माहीत होतं. का बोलला नाहीत? तो म्हणाला, "थोरल्या मान्सांफुडं कसं बोलायचं?" आणि परत चपलेनं माती उकरायला लागला. त्याच जागी. मला वाटतं, मागच्या वेळचा खड्डाही तिथंच होता.

बरं वाटण्याचं जे काही माझ्यात शिल्लक होतं ते तिथं संपलं.

रखमाजीला म्हटलं, तुम्ही याच अंगणात मला खोटारडी म्हणालात. आता इथंच म्हणा, जया खोटं बोलली नव्हती. तो पुटपुटला. मी म्हटलं, त्या दिवशी आवाज मोठा होता तुमचा, डेअरीपर्यंत गेला होता. आळी कुडापाशी जमलेलीच होती. लाल झाला, पण बोलला, मोठ्यानं. "पोरगी खरं बोलली व्हती. चूक आमची." पलीकडून जानकू म्हातारा ओरडला, "आयकू आलं रं, रखमाजी!"

मग मी पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात परत दिला. "अवं पर आता सारकंच हाय की," तो म्हणाला. मी म्हटलं, चिठ्ठी नीट लावली म्हणून रोप बदलत नाही. गप्प बसणारा नवरा मी एकदा बघितलाय, त्याची आईसुद्धा मला मारायची तेव्हा तो असाच माती उकरायचा.

जीप गेली. अण्णा बराच वेळ खाटेवर पडून होते.

काल संध्याकाळी त्यांचा फोन वाजला. कुठल्याशा नव्या स्थळाचा. स्पीकर होताच. तिकडून कुणी म्हातारा विचारत होता, पोरगी कशी, काय. अण्णांनी सवयीनं सुरू केलं, "आधी बघून तर..." आणि थांबले. माझ्याकडं बघितलं. मी भाकरी थापत होते, हात थांबवला नाही. मग ते घसा खाकरून म्हणाले, "आयका पावणं. जया नाव तिचं. पैलं लगीन मोडल्यालं हाय, घटस्फोट झालाय. दोष तिचा न्हाई. आन् मागं एकदा म्या ही गोष्ट दडवली व्हती, त्यो दोष माझा. आता यायचं तर या."

तिकडून फोन कट झाला.

"ठिवला," अण्णा म्हणाले.

"ठेवू द्या," मी म्हटलं, आणि दोन-अडीच आठवड्यांनंतर पहिल्यांदा त्यांच्या ताटात मी भाकरी वाढली.

तू घरी बसून काय करतेस? इकडं ये. आमच्या मालकांना रोपांचा हिशोब ठेवायला प्रोग्रॅम करून हवाय. चिठ्ठ्यांची नावं मी ठरवणार, आधीच सांगून ठेवते.

तुझीच जया